पाकिटावर ‘चुकीची’ असे लिहिलेली पाच नाणी: टांकसाळीची चूक कोणती, नंतरची मोडतोड कोणती?

मृण्मयी_वही

नमस्कार मंडळी. आजोबांच्या संग्रहातली नाणी मी सध्या एकेक करून वहीत नोंदवते आहे. बहुतेकांची ओळख पटली, पण पाच नाण्यांपाशी अडले. ही पाच त्यांनी वेगळ्या पाकिटात ठेवली होती आणि पाकिटावर फक्त ‘चुकीची’ एवढेच लिहिले होते. काय चुकले, कुठे चुकले, याची नोंद कुठेही नाही.

पहिले, पंचम जॉर्जचा पाव आणा. एका बाजूला राजा नेहमीसारखा, डावीकडे बघणारा. दुसऱ्या बाजूला वेलीच्या चौकटीत किंमत आणि साल असायला हवे, पण तिथेही राजाच आहे. हा राजा नाण्यात आत दबलेला आहे आणि उजवीकडे बघतो. भोवतीची अक्षरेही उलटी.

दुसरे, १९८४ चा रुपया. कडेला एका ठिकाणी गोलाकार खाच, जणू तेवढा तुकडा काढून घेतला आहे.

तिसरे, स्टीलचा रुपया. सालाखाली एक बारीक गोल ठिपका आहे. माझ्याकडच्या दुसऱ्या तशाच रुपयावर तो नाही.

चौथे, शिवराई. ‘छत्र’ नीट वाचता येते, ‘पति’ मात्र अर्धे नाण्याच्या बाहेर गेले आहे. शिवाय ‘छ’ची रेघ दोनदा उमटल्यासारखी वाटते.

पाचवे, भारताच्या नकाशाचे अकराकोनी दोन रुपये. सालाच्या आकड्यांना खालच्या बाजूने सावली पडल्यासारखे दिसते.

माझ्याकडे दहा पट मोठे दाखवणारे भिंग आहे, सोने तोलायचा छोटा काटा आहे आणि व्हर्निअर आहे. किंमत जाणून घ्यायची नाही, विकायचेही नाही. वहीत नोंद बरोबर व्हावी एवढीच इच्छा आहे. कसे ओळखायचे?

जुनापैसा

पहिले नाणे वाचूनच अंगावर काटा आला. याला आपल्याकडे लखी म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत ब्रोकेज. पण लखीच्या नकलाही भरपूर फिरतात, तेव्हा जपून.

तिसऱ्याचे उत्तर लगेच देतो: ती चूक नाही. सालाखालचा गोल ठिपका ही नोएडा टांकसाळीची खूण. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. तुमचा बिनठिपक्याचा रुपया त्यामुळे बहुधा कोलकात्याचा. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या सालाच्या नाण्याखाली ठिपका दिसला तर त्याचा अर्थ वेगळा लावायचा. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली रोमन ‘एच’ असतो, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पाडून घेतलेले रुपये आहेत. तीसुद्धा चूक नाही.

ठिपक्यांवरून आठवले. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया कोणाकडे असेल तर त्यावरच्या ठिपक्यांनाही एरर समजू नका. पुढे बरीच वर्षे नाण्यावर १८६२ हेच साल छापले जात होते. संग्राहक त्या ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून रुपयांचे प्रकार पाडतात. ते मुद्दाम घातलेले ठिपके आहेत.

बाकीच्यांसाठी टूलरूम काकांची वाट बघू या.

टूलरूम_काका

आलो. मृण्मयीताई, प्रश्न फार नीट विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

मी टूलरूममधला माणूस. नोकरीची सगळी वर्षे पंच आणि डाय, म्हणजे ठसे, घडवण्यात गेली, त्यामुळे नाणे हातात आले की मला आधी प्रेस दिसतो, राजा नंतर. माझी अट एकच असते. नाण्याला एरर म्हणायचे असेल तर चूक कोणत्या पायरीवर झाली ते सांगता आले पाहिजे. चकती कापताना? काठ उचलताना? ठसा घडवताना? की ठोका बसताना? पायरी सांगता येत नसेल तर ते नाणे टांकसाळीतून धड बाहेर पडले आणि नंतर कोणाच्या तरी हातून बिघडले, असे धरून मी चालतो.

पायऱ्या थोडक्यात. धातूची लांब पट्टी प्रेसखाली सरकत जाते आणि पंच तिच्यातून गोल चकत्या पाडतो. त्या चकत्यांचा काठ यंत्रात दाबून जरा उंच करतात, भट्टीत तापवून त्या मऊ करतात, धुतात. मग चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, खाली एक ठसा, वर एक ठसा. एका ठोक्यात दोन्ही बाजू आणि कड तयार होते. नाणे कॉलरमधून बाहेर ढकलले जाते आणि पुढची चकती येऊन बसते. हे सगळे फार वेगात चालते. यात कुठेही अडखळले की चूक जन्माला येते, आणि प्रत्येक अडखळण्याची खूण वेगळी असते.

सगळ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट आधी सांगतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. नाण्यावर आगाऊ रेघ दिसली तर ती उंच आहे की खोल, ते नखाने तपासा. ठशाला तडा गेला की पुढच्या प्रत्येक ठोक्याला धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच येते. ओरखडा नाण्यावर नंतर पडला असेल तर रेघ खोल जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित वर सरकलेला असतो. ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला तर त्या जागी नाण्यावर कसलीही नक्षी नसलेला उंच गोळा येतो. अशा वेळी नाणे उलटून बरोबर त्या गोळ्याच्या मागची जागा बघा. तिथली नक्षी फिकी असते, कारण तिच्या वाट्याचा धातू पलीकडच्या खळग्यात गेलेला असतो. ही मागची फिकी जागा म्हणजे भक्कम पुरावा. वरून धातूचा थेंब डकवून गोळा करणाऱ्याला ती जागा फिकी करता येत नाही.

खोल म्हणजे नंतरचे, असा सरसकट नियम मात्र करू नका. ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोरा, तारेचा तुकडा किंवा चिंधी सापडली तर तिची छाप नाण्यात खोल उठते आणि ती अस्सल टांकसाळी चूक असते. तिथे खाचेच्या तळाशी दोऱ्याचा पीळ, चिंधीचे विणकाम दिसते आणि खाचेच्या काठाला सरकलेला धातू नसतो. ठशाच्या खळग्यात तेलकट मळ भरला तर अक्षर अर्धे उमटते किंवा उमटतच नाही. तेही भिंगातून कळते, कारण त्या जागेची पातळी आजूबाजूच्या सपाटीइतकीच असते आणि खरवडल्याच्या रेघा नसतात. अक्षर कानशीने उडवले असेल तर रेघा हमखास सापडतात.

आता तुमची नाणी.

पाव आणा. लखी कशी होते ते डोळ्यांसमोर आणा. आधीचे नाणे ठोका बसल्यावर बाहेर पडले नाही, मागच्या बाजूच्या ठशालाच चिकटून राहिले. पुढची चकती आली. तिच्या एका अंगाला राजाचा ठसा बसला, तिकडे चेहरा उठावाचा आला. दुसऱ्या अंगाला मागचा ठसा लागलाच नाही, कारण मध्ये चिकटलेले नाणे होते आणि त्या नाण्याचे राजाचे अंग चकतीकडे होते. त्या उठावाच्या चेहऱ्याने चकतीत खड्डा पाडला, म्हणून दुसरा राजा खोल आणि उलटा. याचा अर्थ असा की तुमचे नाणे अस्सल असेल तर वेलीचा आणि सालाचा ठसा त्याला कधी शिवलेलाच नाही.

नकली लखी उलट्या वाटेने होते. एक पूर्ण झालेला पाव आणा घ्यायचा, त्याच्या मागच्या बाजूवर दुसऱ्या पाव आण्याचा चेहरा ठेवायचा आणि व्हाईसमध्ये आवळायचे किंवा वर घण हाणायचा. चेहरा खोल उमटतो, पण खालची वेल आणि साल पूर्ण मरत नाही. तेव्हा मला यांची उत्तरे द्या:

दबलेल्या चेहऱ्याच्या खाली किंवा भोवती एखादे पान, देठ, आकड्याचा तुकडा शिल्लक आहे का? उजेड समोरून नको, दिवा अगदी आडवा धरा आणि नाणे सावकाश फिरवा. उठावाच्या बाजूला राजाच्या मुकुटाचा आणि दाढीचा भाग चेपून सपाट झालाय का? व्हाईसच्या जबड्यात धरलेले नाणे त्या बाजूने चेपतेच. आणि दोन्ही चेहऱ्यांची उंची, मुकुटाच्या टोकापासून झग्याच्या तळापर्यंत, व्हर्निअरने मोजा. चिकटलेले नाणे एकेका ठोक्यागणिक पसरत जाते, त्यामुळे पुढच्या चकत्यांवर चेहरा मोठा आणि भोंगळ होत जातो. पहिल्याच ठोक्याची लखी असेल तर दोन्ही मापे जुळतात. व्यास आणि वजनही कळवा.

१९८४ चा रुपया. हा तांबे-निकेलचा, ६ ग्रॅम वजनाचा, २६ मिलिमीटरचा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडासा चढला तर चकतीला अशी गोल खाच पडते. आमच्या कामात हे रोजचे दुखणे होते, फीड चुकले की अर्धवट चकत्यांचा ढीग. पण कानशीनेही अशी खाच करता येते, म्हणून खाचेकडे बघू नका, तिच्या बरोबर समोरचा काठ बघा. काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खाच असली की त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही, म्हणून समोरचा काठ दबका, जवळजवळ विरलेला राहतो. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. खाचेजवळची अक्षरेही बघा. अस्सल नाण्यात ती खाचेकडे ओढली गेल्यासारखी पसरट आणि फिकी होत जातात, कारण ठोका बसताना धातू मोकळ्या जागेकडे धावतो. कापलेल्या नाण्यात अक्षर धारेवर टक्कन तुटते.

दोन रुपये. सावली गोलसर आहे की सपाट पायरीसारखी, आणि आकडे नेहमीपेक्षा बारीक झालेत का, एवढे बघा.

शिवराईबद्दल मी बोलणार नाही. ते यंत्राचे नाणेच नव्हे, त्यातले जाणकार इथे आहेत.

आणि कृपा करून एकही नाणे घासू नका, धुऊ नका. मळसुद्धा पुरावा असतो. खाचेतला मळ आणि बाकीच्या नाण्यावरचा मळ एकाच वयाचा आहे का, हे बघूनच बरेच प्रश्न सुटतात.

नवखा_संग्राहक

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे पाच रुपयांचे एक नाणे आहे, पालथे केले की मागची बाजू तिरकी येते. आणि एक रुपया चक्क तांबूस रंगाचा आहे, साल २००० च्या आसपासचे. हे दोन्ही एरर का?

टूलरूम_काका

तिरके नाणे आधी. नाणे अंगठा आणि तर्जनीत वर-खाली धरा, सिंह सरळ उभे असू द्या. आता पुस्तकाचे पान उलटतो तसे डावी-उजवीकडे फिरवा. आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. चार-पाच अंशांचा फरक सोडून द्या, ठसा बसवताना तेवढे होते. पाव फेरा, अर्धा फेरा असेल तर ठसा साच्यात सैल होऊन फिरला होता, ती अस्सल चूक. कोणत्या देशाचे नाणे आहे हे मात्र आधी बघा. अमेरिकेची नाणी मुळातच मागची बाजू उलटी ठेवून पाडतात, ती वर-खाली फिरवली की सरळ दिसतात. त्यांना एरर म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

तांबूस रुपयाला चुंबक लावा. त्या काळचा रुपया स्टीलचा, ४.८५ ग्रॅमचा, चुंबकाला चिकटणारा. तुमचा तांबूस रुपयाही चिकटला तर आत स्टीलच आहे, वर कोणीतरी तांब्याचा मुलामा दिलाय. चिकटला नाही तर वजन घेऊन परत या, मग चुकीच्या चकतीचा विचार करता येईल.

मृण्मयी_वही

काका, फार आभार. सांगितले तसे आडव्या उजेडात बसून बघितले.

पाव आणा: वजन ४.७२ ग्रॅम, व्यास २५.४ मिलिमीटर. दबलेल्या चेहऱ्याखाली पान, देठ, आकडा काहीही सापडले नाही. चेहऱ्याच्या भोवतीची जागा दोन्हीकडे सारखीच गुळगुळीत आहे. उलटी अक्षरे पूर्ण वाचता येतात, अगदी काठापर्यंत. उठावाच्या बाजूला मुकुट झिजलेला आहे, पण चेपलेला नाही, मुकुटावरची बारीक कलाकुसर अजून दिसते. दबलेल्या बाजूला तर दाढीचे केससुद्धा वेगवेगळे दिसतात, उठावाच्या बाजूपेक्षा जास्त स्पष्ट. दोन्ही चेहऱ्यांची उंची सारखी भरली.

१९८४ चा रुपया: वजन ५.७१ ग्रॅम. खाचेसमोरचा काठ चांगला जाड आणि पूर्ण आहे, बाकीच्या काठापेक्षा वेगळा वाटत नाही. खाचेतल्या धारेवर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा आहेत आणि तिथला रंग जरा उजळ आहे. एक अक्षर मधोमध कापले गेले आहे.

दोन रुपये: सावली सपाट आहे, पायरीसारखी. आकडे दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहिले, हे बारीक आहेत.

जुनापैसा

रुपयाचे वजन कमी भरतेय, म्हणजे खाच अस्सल असू शकते ना काका? आणि ब्लेकस्ली परिणाम प्रत्येक नाण्यात दिसतोच असे नाही. मी तो नसलेली, तरीही अस्सल मानलेली खाच पाहिली आहे.

टूलरूम_काका

दोन्ही मुद्दे घेतो.

वजनाने इथे काहीच ठरत नाही. धातू पंचाने नेला काय आणि कानशीने नेला काय, काट्यावर आकडा तोच येणार. धातू गेला एवढेच काटा सांगतो, कधी गेला ते सांगत नाही. वजन उपयोगी पडते ते उलट्या परिस्थितीत. खाच दिसतेय पण वजन पूर्ण ६ ग्रॅम भरतेय, तर मग धातू कापला गेलेला नाही, ठोकून आत ढकललाय.

ब्लेकस्ली दर वेळी दिसत नाही हे तुमचे खरे आहे. खाच लहान असेल किंवा पट्टीच्या टोकाला आल्यामुळे सरळ रेषेत कापली गेली असेल तर तो पुसट असतो, कधी नसतोही. म्हणून एकट्या त्या खुणेवर मी कधी निकाल देत नाही. पण इथे सगळ्याच खुणा एका दिशेला बोट दाखवताहेत. समोरचा काठ जाड आहे. अक्षर ओढले न जाता तुटले आहे. धारेवर एकाच दिशेच्या रेघा आहेत, म्हणजे कानस चालली आहे. पंचाने कापलेली धार नंतर भट्टीतून, धुलाईतून आणि ठशाच्या दाबाखालून जाते, तिच्यावर अशा ताज्या रेघा टिकत नाहीत. आणि तिथला रंग उजळ, म्हणजे ती जागा बाकीच्या नाण्यापेक्षा तरुण आहे. वहीत लिहा: १९८४ चा रुपया, टांकसाळीबाहेर कापलेला.

दोन रुपयांत ठसा चांगलाच होता. ठोका बसून झाल्यावर सैल ठसा किंचित सरकला आणि त्याने आकड्यांची बाजू खरवडून सपाट पायरी केली. पायरीला लागणारा धातू आकड्यातूनच गेला, म्हणून आकडा बारीक झाला. याला मशीन डबलिंग म्हणतात. टांकसाळीत घडलेले आहे, पण फार सामान्य आहे, आणि ज्याला डबल्ड डाय म्हणतात ते हे नव्हे. तिथे चूक ठसा घडवतानाच होते. मूळ उठावावरून ठशात छाप घेताना ती दोनदा आणि जराशी सरकून पडते. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर दोन पूर्ण, गोलसर आकृत्या एकमेकींना लागून येतात आणि अक्षर बारीक न होता जाड दिसते. अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट यासाठीच प्रसिद्ध आहे, त्यावरची अक्षरे नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. तुमच्या नोंदीत मशीन डबलिंग एवढेच लिहा.

पाव आणा. हा अस्सल आहे, असे मी छातीठोकपणे सांगतो. मागच्या नक्षीचा मागमूस नाही, मुकुट चेपलेला नाही, मापे जुळतात, म्हणजे चिकटलेले नाणे अजून पसरले नव्हते, पहिल्या एक-दोन ठोक्यांतली ही लखी आहे. व्यासही बरोबर आहे, ठोका कॉलरमध्येच बसला. वजन मूळचे साधारण ४.८६ ग्रॅम असते, तेवढा फरक वापराने पडतो. दबलेली दाढी जास्त स्पष्ट असणे हेही बरोबर बसते, कारण खोल नक्षीला बोटे आणि खिसे लागत नाहीत. हे नाणे कोणाच्या तरी व्यवहारात फिरले, हातोहात गेले, आणि तरी आत ती दाढी शंभर वर्षांच्या आसपास जशीच्या तशी राहिली. मला अशा नाण्यांचे प्रेम आहे ते यासाठीच.

मृण्मयी_वही

वाचून खूप बरे वाटले. पण वहीत साल काय लिहू? दोन्ही बाजूंना राजाच आहे, साल कुठेच नाही.

शिवराई_वाचक

साल काकांवर सोडतो, शिवराईचे मी सांगतो.

ताई, तुमच्या शिवराईत चूक नाही. ती जशी असते तशीच आहे. शिवराई हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. कॉलर नाही, काठ उचलणे नाही. मुख्य म्हणजे ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा बऱ्याचदा मोठा असायचा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही दोन्ही वाक्ये पूर्ण आणि मध्यावर आलेली शिवराई मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट. ‘पति’ बाहेर गेले म्हणून तिला ऑफ-सेंटर एरर म्हणणे योग्य नाही. यंत्राच्या नाण्याला ठरलेली जागा असते, ती सुटली की चूक. इथे तशी जागाच ठरलेली नव्हती.

‘छ’ची दुहेरी रेघ म्हणजे पहिला घण पुरेसा बसला नाही, तुकडा जरा हलला आणि दुसरा घण पडला. हेही नित्याचे. अक्षरांच्या वळणात, ऱ्हस्व-दीर्घात फरक दिसले तरी ते एरर म्हणून नोंदवू नका. शिवाजी महाराजांच्या नंतरही हाच मजकूर चालू राहिला, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या हातांनी ठसे खोदले. ते फरक जपून नोंदवा, कारण कोणती शिवराई कधीची हे शोधायला तेच उपयोगी पडतात.

हाताच्या नाण्यातली खरी चूक कोणती म्हणाल तर दोन. एक लखी, ती घणाच्या नाण्यातही होते, वरच्या ठशाला नाणे चिकटले की झाले. दुसरी, ठसा खोदणाऱ्याने अक्षर उलटे कोरायचे सोडून सरळ कोरले तर नाण्यावर ते उलटे उमटते.

याच ओघात आणखी एक. जुन्या मराठेशाही किंवा मोगली रुपयांवर बारीक फुले, टिंबे, अक्षरे ठोकलेली सापडतात. ते सराफांचे शिक्के. रुपया पारखून घेतला की सराफ आपली खूण मारायचा. नाणे जितके फिरले तितक्या खुणा वाढल्या आणि तितका बट्टा, म्हणजे किमतीत कपात, लागला. त्याला मोडतोड म्हणून फेकून देऊ नका, एररही म्हणू नका. तो त्या रुपयाच्या प्रवासाचा दाखला आहे.

टूलरूम_काका

शिवराईचे उत्तम सांगितलेत.

मृण्मयीताई, सालाचे. पाव आण्यावर साल मागच्या बाजूला असते आणि मागचा ठसा तुमच्या नाण्याला लागलाच नाही, म्हणून नेमके साल कधीच कळणार नाही. पण काळ आवळून आणता येतो. राजाच्या झग्यावर छातीपाशी एक बारीक हत्ती आहे. भिंगातून त्याची सोंड बघा. १९११ च्या ठशात सोंड आखूड आणि पाय असे बसले की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. मोठा असंतोष झाला, त्या सालचे रुपये मागे घेतले गेले आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट लांब केलेला ठसा आला. पाव आण्यावरही हाच फरक आहे. तो डुकराचा रुपया अनेक जण एरर म्हणून दाखवतात. तो आराखड्याचा दोष, टांकसाळीच्या कामगाराने त्यात काहीच चुकवले नव्हते.

तुमच्या नाण्यात हत्ती दोनदा आहे. उठावाच्या बाजूला झिजला असेल तर दबलेल्या बाजूचा बघा, तिथे तो उलट्या तोंडाचा दिसेल, पण शाबूत असेल.

मृण्मयी_वही

सापडला! उठावाच्या बाजूला नुसता ठिपका उरलाय, पण दबलेल्या बाजूला अख्खा हत्ती आहे. सोंड लांब आहे आणि पार खाली येते. म्हणजे १९१२ किंवा नंतरचा?

टूलरूम_काका

हो. १९१२ ते १९३६, पंचम जॉर्जचा पाव आणा तोवरच निघाला. वहीत असे लिहा: पाव आणा, पंचम जॉर्ज, लखी, राजाची बाजू, सुरुवातीच्या ठोक्यातली, साल नाही, हत्तीवरून १९१२ ते १९३६. वजन, व्यास आणि दोन्ही चेहऱ्यांची उंची शेजारीच लिहा, म्हणजे पुढे कोणी शंका घेतली तर पुन्हा मोजता येईल. नाणे कागदी पाकिटात एकटे ठेवा. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये नको, ते कालांतराने तांब्याला हिरवा चिकट थर आणते. १९८४ चा रुपयाही टाकू नका. कानशीने केलेली खाच कशी दिसते हे नवीन माणसाला दाखवायला तो फार कामाचा आहे, फक्त पाकिटावर तसे स्पष्ट लिहा.

कोणाकडे १९११ चा पाव आणा असेल तर झग्यावरच्या हत्तीचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. ताईंना दोन्ही सोंडा शेजारी ठेवून बघता येतील.